गाडी सुरू होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल पाहा!

सकाळची कर्जत-सीएसएमटी लोकल गाठायची आहे, चावी फिरवली आणि इंजिनातून नुसता 'टक-टक' आवाज आला. 'बॅटरी गेली' असे म्हणून अनेकजण थेट नव्या बॅटरीची चौकशी करतात. पण कधी कधी बॅटरी चांगली असते, बिघाड असतो तो तिच्या टोकांवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीत. सोडा, जुना ब्रश आणि अर्धा तास एवढ्यावर हे काम घरी होते. मात्र पाना कोणत्या टोकाला आधी लावायचा, हे माहीत हवे.

ही भुकटी येते कुठून?

गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल असते. चार्जिंग होताना वायू तयार होतात आणि त्यांच्यासोबत आम्लाचे सूक्ष्म थेंब झाकणाच्या फटींतून, टर्मिनलच्या बुडातून बाहेर येतात. शिशाशी संयोग झाला की पांढरी भुकटी बनते. तांब्याच्या वायरीशी झाला की निळसर-हिरवी. ही हिरवी भुकटी म्हणजे बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी वापरतात ते मोरचूदच!

कर्जत-खालापुरात जास्त काळजी का?

घाटमाथ्याच्या पायथ्याशी असल्याने इथे पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने दमट असते आणि ओलाव्यात गंज लवकर पसरतो. त्यात अनेक गाड्या दिवसभर स्टेशनबाहेर उभ्या, घर ते स्टेशन एवढेच त्यांचे धावणे. फार्महाऊसवरच्या गाड्या तर आठवडाभर जागच्या हलत नाहीत. माथेरानला वाहनबंदी असल्याने पर्यटकांच्या गाड्याही दस्तुरी नाक्यावर पावसात उभ्या असतात. अशा गाड्यांची बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही. बोरघाटात किंवा आडवाटेच्या वाडीवर रात्री रुग्णाला न्यायच्या वेळी गाडी अडली, तर मेकॅनिक लगेच मिळेलच असे नाही.

थोड्या भुकटीने एवढी मोठी गाडी कशी अडते?

स्टार्टर फिरवताना बॅटरीतून साधारण 200 अँपिअरपर्यंत प्रवाह वाहतो. भुकटीमुळे एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा आला, तरी तिथेच 2 व्होल्ट खर्च होतात. 12 व्होल्टपैकी 2 वाटेतच गेले, तर स्टार्टरला जोर पुरत नाही. दिवे आणि हॉर्न मात्र चालतात, कारण त्यांना थोडाच प्रवाह लागतो.

साहित्य काय लागेल?

रबरी हातमोजे, चष्मा, पाना (बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा), खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश किंवा तारेचा ब्रश, सुती फडके आणि व्हॅसलीन. अंगठी, बांगड्या, लोंबती साखळी आधी काढून ठेवा.

साफसफाई कशी कराल?

1. गाडी मोकळ्या हवेत उभी करा. इंजिन बंद करून चावी काढा. जवळपास विडी-सिगारेट, काडेपेटी नको, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

2. आधी ऋण (−) टोक सोडवा, मग धन (+). गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक आधी सोडवताना पाना सांगाड्याला टेकला, तर शॉर्टसर्किट होऊन ठिणग्या उडतात, हात भाजतो.

3. कपभर पाण्यात मोठा चमचाभर सोडा कालवून ब्रशने भुकटीवर लावा. फेस येईल. म्हणजे आम्ल मरते आहे. फेस थांबेपर्यंत लावत राहा. हे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत मात्र जाता कामा नये.

4. क्लॅम्पची आतली बाजूही घासा, वीज तिथूनच जाते. ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करा.

5. जोडताना उलटा क्रम: आधी धन, शेवटी ऋण. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. पण शिसे मऊ असल्याने अति आवळूही नका. मग वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या.

गरम पाणी ओतले तर चालते का?

हिरवी भुकटी पाण्यात विरघळते, पांढरी फारशी नाही. शिवाय नुसते पाणी आम्ल मारत नाही, ते खाली लोखंडी ट्रेवर पसरवते. सोडा अधिक भरवशाचा.

कोणती काळजी घ्यावी?

भुकटीत शिसे असते, ते विषारी आहे. कोरडी भुकटी फुंकू नका. लहान मुलांना दूर ठेवा. विहीर, ओढा किंवा भाताच्या खाचराजवळ हे काम नको. नंतर साबणाने हात धुवा. डोळ्यात थेंब उडाल्यास किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून तातडीने डॉक्टरांकडे जा.

स्वतः हात कधी लावू नये?

बॅटरी फुगली, तडकली किंवा गळत असेल, तर मेकॅनिकलाच बोलवा. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबलना हात लावू नका. नव्या गाड्यांत बॅटरी काढल्यास घड्याळ, म्युझिक सिस्टीमची सेटिंग जाऊ शकते. गाडीचे माहितीपुस्तक आधी वाचा.

भुकटी पुन्हा आली तर?

काही आठवड्यांतच परत आली, तर दोष वेगळा आहे. इंजिन चालू असताना मीटरवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. 15 च्या वर गेल्यास चार्जिंग जास्त होते आहे. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीत सुमारे 12.6 व्होल्ट असतात. साफसफाई आणि चार्जिंग करूनही ते टिकत नसतील, तर बॅटरी खरोखरच संपली. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या.

पाऊस सुरू होण्याआधी एकदा आणि ओसरल्यावर एकदा बॉनेट उघडून टर्मिनल पाहायची सवय ठेवा.