ग्लासगोची चाळीस वर्षं आणि दोन रात्रींचा मुक्काम

स्कॉटलंडला जाणारी आपली मंडळी एडिंबरा बघतात आणि तिथून थेट डोंगराळ भागाची वाट धरतात. ग्लासगो राहून जातं. तिथे बघायला काय आहे, असं विचारणाऱ्याने या शहराची गेली चाळीस वर्षं तपासावीत.

१९८०च्या आसपास क्लाइड नदीकाठच्या गोद्या एकामागोमाग बंद पडत होत्या. बेकारी वाढलेली, इमारतींचे दगड धुराने काळे पडलेले. फिनिस्टनची अजस्र क्रेन आजही नदीकाठी उभी आहे. स्प्रिंगबर्नच्या कारखान्यांत बनलेली वाफेची इंजिनं ती जहाजांवर चढवायची. त्या कारखान्यांच्या कितीतरी इंजिनांनी आपल्याकडच्या गाड्याही ओढल्या. क्रेनखाली उभं राहून मान वर करून बघा, शहराने काय गमावलं ते कळतं.

सावरायला सुरुवात झाली १९८३ साली. पोलक पार्कमध्ये बरेल संग्रहालय उघडलं, त्यामागची कथा मोठी आहे. जहाजमालक विल्यम बरेल यांनी १९४४ साली आपला अख्खा संग्रह शहराला दिला, पण तो धुरापासून दूर ठेवायचा, ही अट घातली. तशी जागा मिळेपर्यंत दशकं गेली. अखेर १९६०च्या दशकात पोलकची जागा शहराकडे आली आणि झाडीला लागून काचेच्या भिंतींची इमारत उभी राहिली. पुढे छत गळू लागल्याने २०१६ मध्ये संग्रहालय बंद झालं आणि २०२२ मध्ये नव्याने उघडलं. माझ्या मते अर्धा दिवस इथेच द्यावा. सेंट्रल स्टेशनवरून पोलकशॉज वेस्टची लोकल घ्या आणि उद्यानातून चालत जा.

१९९० साली ग्लासगो युरोपची सांस्कृतिक नगरी झालं. आधीची नावं अथेन्स, फ्लॉरेन्स, पॅरिस अशी. त्या पंगतीत हे कामगारांचं शहर मानाने बसलं. पालिकेची मोठी संग्रहालयं आजही विनामूल्य आहेत आणि मला या शहराचा सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचसाठी. त्यांतल्या केल्विनग्रोव्हला दुपारी एकच्या सुमाराला जा. मधल्या दालनातला १९०१चा ऑर्गन वाजू लागला की लोक कठड्याला टेकून उभे राहतात. दालीचं ख्रिस्ताचं चित्रही तिथेच आहे. भारतातून नेलेल्या सात वस्तू परत देण्याच्या करारावर २०२२ साली सह्या झाल्या, त्याही इथेच. त्यांतल्या बऱ्याचशा देवळांतून उचललेल्या होत्या.

फिरायला १८९६ची भुयारी रेल्वे पुरते. पंधरा स्टेशनांचं एकच वर्तुळ, डबे इतके छोटे की उंच माणसाने दारात डोकं सांभाळावं. केल्विनग्रोव्हसाठी केल्विनहॉल, विद्यापीठासाठी हिलहेड. रविवारी ती लवकर बंद होते, तेव्हा संध्याकाळचा बेत आधीच ठरवा.

या प्रवासात एक जखमही आहे. चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने रचलेल्या कलाविद्यालयाला २०१४ मध्ये आग लागली. दुरुस्ती पुरी होत आलेली असताना २०१८ मध्ये पुन्हा लागली आणि तिने सगळंच खाल्लं. ही वास्तू जगाने गमावली, असंच मी म्हणेन. तिच्यासाठी जाणाऱ्यांनी आता सॉकीहॉल स्ट्रीटवरचं त्याचं विलो टी रूम्स बघावं. १९०३ची ही चहाची जागा मूळ रूपात आणून २०१८ साली पुन्हा उघडली. उंच पाठीच्या खुर्च्यांवर बसून चहा घेताना त्याची रेष नजरेत भरते. विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात त्याच्या घराच्या खोल्याही जशाच्या तशा मांडल्या आहेत.

पाऊस कोणत्याही महिन्यात गाठतो. वाऱ्यात छत्री टिकत नाही, टोपीवाला रेनकोट न्या. क्वीन स्ट्रीट स्टेशनावरून सुटलेली गाडी तासाच्या आत एडिंबऱ्याला पोचते. तेव्हा मुक्काम ग्लासगोत ठेवा आणि एडिंबरा दिवसभरात बघून या. उलटं करू नका.