ई-टेम्पो घेताय? आधी सबसिडी नाही, किलोमीटर मोजा



"सर, इलेक्ट्रिक टेम्पोवर सरकार किती पैसे देतं?" हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर देतो, पण त्याआधी सरकार पैसे का देतं ते समजून घेऊ.

एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं, असं भारताने 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं. त्यासाठी गाड्या बॅटरीवर आणायच्या आहेत. लोकांनी सुरुवात करावी म्हणून सरकार हात देतं. कायमचं पोसायचं म्हणून नाही.

अनुदान कसं उतरतं बघा

1 ऑक्टोबर 2024 पासून केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला 5,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 2,500. म्हणजे मोठ्या तीनचाकीला आधी जास्तीत जास्त 50,000 आणि नंतर 25,000. 2025 मध्ये दुचाकी-तीनचाकींसाठी ठरलेली शेवटची मुदत 31 मार्च 2026 होती, आणि निधी संपला तर त्याआधीच बंद, अशी अट होती.

हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. डीलर बिलातच किंमत कमी करतो आणि कंपनी सरकारकडून वसूल करते. त्यामुळे "सबसिडी मिळवून देतो, आधी फी भरा" असं कोणी म्हणालं, की सरळ फोन ठेवा.

जास्त टिकणाऱ्या सवलती

- जीएसटी 5 टक्के.
- बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनांना 2018 पासून परमिट लागत नाही. नोंदणी, विमा, लायसन्स मात्र लागतंच.
- महाराष्ट्राचं 2025 चं ईव्ही धोरण 31 मार्च 2030 पर्यंत आहे. त्यात मोटार वाहन करात माफी आहे. टोलमाफीची बातमी वाचून खूश होऊ नका. ती प्रवासी चारचाकी आणि बससाठी आहे, मालवाहू टेम्पोसाठी नाही.

आता खरं गणित

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावातले टाका.

सीएनजी टेम्पो: 80 रुपये किलो, किलोला 30 किमी. खर्च सुमारे 2.70 रुपये प्रति किमी.
ई-टेम्पो: 10 युनिटमध्ये 90 किमी, युनिट 10 रुपये. खर्च सुमारे 1.10 रुपये.
बचत: किलोमीटरमागे 1.60 रुपये.

रोज 80 किमी, महिन्याला 25 दिवस धंदा. म्हणजे 2,000 किमी आणि 3,200 रुपये बचत. ई-टेम्पो एक लाखाने महाग असेल, तर 31 महिन्यांत फरक वसूल. 25,000 चं अनुदान गेलं आणि फरक सव्वा लाख झाला? तरी 39 महिने. आठ महिने वाढले, धंदा बुडाला नाही.

आता तीच गाडी रोज फक्त 30 किमी फिरली तर? बचत महिन्याला 1,200 रुपये. एक लाख निघायला जवळजवळ सात वर्षं! तोपर्यंत बॅटरीची वॉरंटीच संपलेली असेल. इथे अनुदान असूनही सौदा तोट्याचा.

बघा, गाडी परवडते की नाही हे सबसिडीने नाही, तुमच्या रोजच्या फेऱ्यांनी ठरतं.

बुकिंगआधी चार कामं

1. पंधरा दिवस रोजचे किलोमीटर वहीत लिहा.
2. रात्री चार्जिंग कुठे, आणि वीज कोणत्या दराने, ते ठरवा.
3. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किमी, हे कागदावर घ्या.
4. हप्ता अनुदान शून्य धरून काढा. मिळालं तर बोनस!

सरकारी धोरण म्हणजे मागून आलेला वारा. शीड तुमचं मजबूत पाहिजे. वही आजच घ्या आणि पंधरा दिवसांनी तुमचा आकडा कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!