संगणकाचे घरातले नाव आणि पत्राचे पाकीट

पत्र टाकताना आपण पत्ता कसा लिहितो? आधी माणसाचे नाव, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे. नुसते 'पिंपळगाव' लिहून भागत नाही, कारण पिंपळगावे पुष्कळ. 'पिंपळगाव बसवंत, जिल्हा नाशिक' म्हटले की पोस्टमन निश्चिंत! ई-मेलच्या पत्त्याची घडणही अशीच आहे. संगणकांच्या नावांची ही पद्धत पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संशोधकाने १९८३ साली बसवून दिली. तोवर जाळ्यातल्या साऱ्या संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत राखली जाई. वस्ती वाढली, यादी पुरेना.

आता घरच्या संगणकाकडे येऊ. विदेश संचार निगमाने आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. त्या काळी मॉडेमची कुरकुर ऐकत, टेलिफोन लावून संगणक तेवढ्यापुरता जाळ्याला जोडावा लागे. फोन ठेवला की नाते तुटले. दर खेपेला मिळणारा क्रमांकही बहुधा निराळा, म्हणजे धर्मशाळेतली खोलीच म्हणा ना! अशा संगणकावर हौशी मंडळी लिनक्स घालीत, आणि पत्रे रवाना करण्याचे काम 'सेंडमेल' नावाचा प्रोग्रॅम करी.

घरच्या संगणकाला मालकाने हवे ते नाव द्यावे. 'मोरपीस' द्या, नाहीतर मुळात असलेले 'लोकलहोस्ट' राहू द्या. ते हाक मारायचे नाव. घरात 'बाळू' चालतो. तालुक्याच्या कचेरीत बाळूला कोण ओळखणार? पण सेंडमेल पडला भोळा. त्याला वेगळे सांगितले नाही, तर धाडणाऱ्याच्या पत्त्यात तो 'मोरपीस' हेच गाव घालतो.

इथे खरी मेख आहे. पत्र घेणारा संगणक आधी विचारतो, तू कोण आणि हे पत्र कुणाचे? १९९८ साली निघालेल्या आठ-पूर्णांक-नऊ आवृत्तीपासून तर, धाडणाऱ्याचे गाव जाळ्याच्या नोंदीत नसेल तर सेंडमेल आपण होऊन पत्र नाकारू लागला. फुकट्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता, त्यावर हा उपाय. समजा, एखाद्या गुरुजींनी नोकरीचा अर्ज असा धाडला. मधल्या संगणकाने तो घेतला, पुढच्याने नाकारला. नकाराचा निरोप परत कुठे जाणार? 'मोरपीस' गावी! ते गाव कुणालाच सापडत नाही. अर्ज पोचला नाही आणि परतही आला नाही. गुरुजी मात्र उत्तराची वाट पाहताहेत.

उपाय अवघड नाही. पत्र थेट दूरच्या संगणकाला देऊ नये. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या टपाल-संगणकाच्या हवाली करावे. सेंडमेलच्या भाषेत तो 'स्मार्ट होस्ट'. दुसरे, 'मास्करेड' ही सोय वापरून, आपल्या गावाऐवजी पुरवणाऱ्याने दिलेले गाव लिहायला सांगावे. पुष्कळजण इथेच थांबतात, आणि फसतात. कारण नुसत्या मास्करेडने पत्राच्या आतले नाव बदलते, पाकिटावरचे तसेच राहते. नकाराचा निरोप तर पाकीट पाहून परततो. तेव्हा पाकिटासाठी असलेली 'मास्करेड एन्व्हलप' ही ओळही घालायलाच हवी. घरच्या संगणकावर तुम्ही 'बाळू' आणि पुरवणाऱ्याकडे 'बी. जी. कुलकर्णी' असाल, तर नावांच्या जोड्यांचा तक्ता वेगळा भरावा लागतो.

आणखी एक. 'मोरपीस' हे नाव संगणकाच्या स्वतःच्या 'होस्ट्स' फायलीत लिहून ठेवावे. नाहीतर संगणक सुरू होताच सेंडमेल स्वतःचेच नाव जाळ्यात शोधत बसतो, आणि गरज पडताच आपोआप फोन लावणारी योजना असेल तर त्यापायी फोन लागतो. बिल कुणाचे, हे सांगायला नको. पत्रे रांगेत साचू द्यावीत आणि फोन लागला की एकदम सोडावीत, हे बरं.

टेलिफोन फिरवून जोडणीचा जमाना सरला, तरी आतले आणि पाकिटावरचे नाव ही जोडी आजही तशीच आहे. सारे ठीक बसले का, हे पाहायला दुसरीकडे आपले खाते असेल तिथे स्वतःलाच एक पत्र धाडावे. ते पोचले की त्याचा पूर्ण मथळा उघडावा आणि 'रिटर्न-पाथ' ही ओळ शोधावी. तिथे 'मोरपीस' दिसले, तर पाकीट अजून बदललेले नाही.