राहनाळहून सकाळची पाळी

पहाटे ५.३० : भिवंडी तालुक्यातल्या राहनाळमध्ये यंत्रमागांचा खडखडाट चालूच आहे. वीज अचानक गेली की माग जिथल्या तिथे थांबतो, कापडात दोष राहतो आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराची कमाई बुडते. हे बघतच मी बस पकडतो.

सकाळी ७ : वीज ग्रीडच्या नियंत्रण कक्षात पाळी घेतली. पहिली नजर फ्रिक्वेन्सीवर. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये हवी. पंधरा मिनिटांचा एक, असे दिवसाचे ९६ भाग. संगणकाने बांधलेला मागणीचा अंदाज प्रत्येक भागात ताडून पाहायचा.

सकाळी १० : ही वेळ आली की मी वाहिन्यांचा भार पुन्हा तपासतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी याच सुमारास मुंबई-ठाण्याचा मोठा भाग अंधारला. कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीचे एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद, त्याचा भार दुसऱ्यावर, आणि नेमका तिथेच बिघाड. लोकल थांबल्या. ग्रीडपासून वेगळी होऊन मुंबईने स्वतःच्या विजेवर तग धरावा, ही योजनाही त्या दिवशी टिकली नाही. पडघा हे आमच्याच तालुक्यातले.

दुपारी १२ : संगणकावर आणीबाणीचा सराव. वाहिनी सुटते आणि पडद्यावर शेकडो अलार्म कोसळतात. त्यांतला मूळ बिघाड कोणता, हे माणसाला शोधायला वेळ लागतो. सरावात जोडलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली तो चटकन निवडू शकते. ‘आता पुढची वाहिनी गेली तर?’ याच्या असंख्य शक्यताही ती झपाट्याने तपासते. फ्रान्सच्या आरटीई या पारेषण कंपनीने अशा प्रणालींसाठी खुल्या स्पर्धाच घेतल्या. पण सल्ल्यामागचे कारण पडद्यावर दिसत नसेल, तर मी ब्रेकर उघडणार नाही.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीचा आहे. यंत्राने दहा मिनिटे आधी धोका ओळखला, तर ती दहा मिनिटे राहनाळपर्यंत पोचली पाहिजेत. कोणता फीडर, म्हणजे वस्तीला वीज पोचवणारी वाहिनी, बंद होणार हे आधी कळले, तर मालक माग नीट थांबवेल, रुग्णालय जनरेटर सज्ज ठेवेल. भारनियमनाची यादी ठरवताना ही माणसे हिशेबात असावीत.

दुपारी ३ : पाळी सोपवली. सरावात प्रणालीचे जे सल्ले नाकारले, तेही कारणांसह नोंदवहीत लिहिले. पुढच्या पाळीने ते वाचूनच खुर्चीत बसायचे.