अर्थशास्त्र शिकायचे आहे?

तुमच्या गावात गरीब कुटुंबे किती, असे कोणी विचारले तर काय सांगाल? ज्यांचे घर कुडाचे ती गरीब म्हणावे, तर शेजारी म्हणेल, "त्यांच्या दावणीला दोन म्हशी आहेत की!" उत्पन्न विचारावे, तर शेतमजुराला वर्षाचा आकडा सांगता येत नाही, आणि ज्याला येतो तो खरा सांगेलच असे नाही. आता हाच प्रश्न साऱ्या देशाबद्दल विचारा.

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी तो विचारला व १९७१ साली उत्तर प्रसिद्ध केले. त्यांची रीत पाहा. जगायला अन्न लागते आणि अन्नातील ऊर्जा कॅलरीत मोजता येते. माणशी रोज २,२५० कॅलरी ही किमान गरज त्यांनी धरली. निवडक घरी जाऊन कुटुंबाने धान्य, डाळ, तेल किती वापरले व खर्च किती केला, हे राष्ट्रीय नमुना पाहणीचे लोक १९५० पासून नोंदवत आले आहेत. दांडेकर-रथ यांनी १९६०-६१ च्या नोंदी घेतल्या. कुटुंबांचे खर्चानुसार गट पाडले आणि सर्वांत खालच्या गटापासून वर चढत कोठे २,२५० कॅलरी पुऱ्या पडतात ते पाहिले. त्या वेळच्या किमतींनुसार ढोबळमानाने उत्तर आले : खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढाही खर्च ज्यांना झेपत नव्हता असे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के निघाले, शहरांत सुमारे ५० टक्के!

आहारशास्त्र, संख्याशास्त्र आणि बाजारभाव एकत्र आले तेव्हा कोठे हा आकडा हाती लागला. तरी वाद संपला नाही. पोट भरले, पण पायात चप्पल नाही, औषधाला पैसे नाहीत, तर तो माणूस गरीब नव्हे काय? सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये कॅलरींचा आधार सोडला आणि शिक्षण व आरोग्यावरील खर्चही विचारात घेतला. हा नुसता पंडितांचा काथ्याकूट समजू नका. १९९७ पासून गरिबांच्या स्वस्त धान्यात कोणत्या राज्याचा वाटा किती, हे ठरवताना दारिद्र्यरेषेखालील लोकांचे असेच अंदाज वापरले गेले. रेषा बोटभर सरकली की लाखो माणसे इकडची तिकडे होतात.

हे काम करायचे तर महाविद्यालयात काय शिकावे लागते? येथेच पुष्कळांची फसगत होते. गणिताची धास्ती घेऊन विद्यार्थी कलाशाखेकडे वळतात आणि अर्थशास्त्र घेतात. पहिल्या वर्षी मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा निभावतात. पण पुढे त्या वक्ररेषेचा उतार काढायला कलनशास्त्र लागते, मग संख्याशास्त्र येते आणि एम.ए.ला अर्थमिती. भारतीय सांख्यिकी संस्थेत अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतही गणित असते. म्हणून दहावीनंतर शाखा कोणतीही घ्या, जमेल तर गणित सोडू नका. सुटलेच असेल, तर पदवीच्या काळात ते पुन्हा हाती घ्या.

नुसत्या बी.ए.वर इतर पदवीधरांच्याच रांगेत उभे राहावे लागते, हे आधी सांगितलेले बरे. पदव्युत्तर शिक्षणानंतर मात्र वाटा फुटतात. १९६१ मध्ये सुरू झालेल्या भारतीय आर्थिक सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. रिझर्व्ह बँकेत संशोधनाचा स्वतंत्र विभाग आहे. दरवर्षी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी तयार करणारे राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. अध्यापन, बँका आणि वृत्तपत्रे तर आहेतच.

पण त्याआधी एक प्रयोग करून पाहा. महिनाभर घरात काय शिजले, किती शिजले आणि किती माणसे जेवली, हे वहीत लिहा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० कॅलरी असतात. बाकीच्या पदार्थांचे आकडे आहारशास्त्राच्या पुस्तकात मिळतील. माणशी रोज किती कॅलरी पडतात, काढा. चौथ्या-पाचव्या दिवशीच अडाल. पाहुण्याचे जेवण कोणाच्या खाती धरायचे? धाकट्या भावाने शाळेत खाल्लेली खिचडी कोठे लिहायची? पाहणी करणाऱ्यांनाही नेमके हेच प्रश्न पडतात. तुम्ही काय ठरवलेत, तेही वहीत लिहून ठेवा.