पाणी किती चढलं, भिंत सांगते

अमेरिकेच्या केंटकी राज्यातलं पडूका हे गाव टेनेसी आणि ओहायो या नद्यांच्या संगमावर वसलेलं. पूर त्याला नवा नव्हता. पण जानेवारी १९३७ मध्ये पाऊस थांबेचना आणि २ फेब्रुवारीला ओहायो मापपट्टीवर ६०.८ फुटांपर्यंत चढली. सुमारे २७ हजार माणसांना गाव सोडावं लागलं. वरच्या अंगाला सिनसिनाटीत त्याआधीच पाणी ऐंशी फुटांना टेकलं होतं.

अशा पुराचे फोटो वर्तमानपत्रांनी विमानातून काढले. ताशी १५० किलोमीटर वेगाचं विमान सेकंदाच्या दोनशेव्या भागात सुमारे २१ सेंटिमीटर पुढे सरकतं. तीनशे मीटरवरून ते खपून जातं. फोटो बिघडवते ती इंजिनाची थरथर. म्हणून कॅमेरा विमानाच्या कडेला टेकवायचा नाही, कोपरं अंगाशी घट्ट धरायची. भिंगापुढे पिवळी काच लावली, की हवेतला निळसर धुरकटपणा गाळला जातो आणि छपरं उठून दिसतात. असोसिएटेड प्रेसची तारेने फोटो पाठवायची सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली होती, त्यामुळे बुडालेलं गाव दूरच्या शहरांतही लवकर छापून यायचं.

मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो कॅमेऱ्याचा तिरपेपणा. सरळ खाली रोखून घेतलेल्या फोटोत फक्त छपरं येतात. पाणी किती पसरलं ते त्यावरून मोजता येतं, खोली मात्र कळत नाही. तिरप्या फोटोत भिंती दिसतात. समजा, भिंगाखाली एक दुमजली घर आलं: ओसरीचं छप्पर पाण्याला टेकलेलं, वरच्या खिडकीची चौकट कोरडी. तळमजला गेला, वरचा वाचला. घराची उंची ठाऊक असली, की त्या गल्लीतलं पाणी फुटांत सांगता येतं. फक्त फोटोची तारीख आणि वेळ पक्की हवी.

आता पूर उपग्रहावरूनही पाहिला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली असताना आभाळ भरलेलं होतं. सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार अशा ढगांतूनही पाहतं. शेतातलं शांत पाणी रडारची लहर दुसरीकडेच परतवतं, म्हणून चित्रात ते काळं उमटतं. गावातल्या गल्लीत मात्र लहर पाण्यावरून भिंतीवर आपटून माघारी येते, आणि बुडालेली गल्लीही उजळ दिसू शकते. दाट वस्तीतला पूर रडारला ओळखणं अवघड जातं ते यामुळेच. १९३७ च्या त्या तिरप्या फोटोंत मात्र घरांच्या भिंतींवरच पाण्याची रेघ वाचता येते.