कोल्हापूरकरांनो, बेटावरचा एक दिवस? मालवणला चला!

फार लांब जायला नको. पहाटे राधानगरी, फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे निघालात की दुपारच्या आत मालवण. जेटीवरून होडीत बसा आणि कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गात उतरा.

इथे घाई अजिबात करू नका. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये याचं काम सुरू केलं. तट इतका नागमोडी आहे की महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! मला तर हेच या किल्ल्यातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आवर्जून बघा. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात.

आपलं नातंही जुनं आहे. हा किल्ला करवीरच्या छत्रपतींकडे होता. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं, मग परत केला. 1812 च्या तहात मात्र मालवण कायमचं गेलं.

परतल्यावर सुरमईची थाळी, सोलकढी, बाजारात मालवणी खाजा. तांबडा-पांढरा एक दिवस राहू दे! संध्याकाळी रॉक गार्डनला सूर्यास्त.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून ऑक्टोबर ते मे याच काळात बेत आखा. आणि प्लास्टिकच्या बाटल्या किल्ल्यावर टाकू नका, सोबत परत आणा.